माझ्या पोटातील पोटभाडेकरूंबाबत

प्रति,
मुंबईत कार्यालये थाटून बसलेल्या समस्त औषध कंपन्यांचे विपणनप्रमुख,
यांस सविनय.

विषय : एका नियमित ग्राहकाचा वापर अकरा औषधांवरून तीनवर घसरल्याची तक्रार.

महोदय,

मी लालबागला राहणारा, एका खासगी पेढीतून लेखापाल म्हणून निवृत्त झालेला ७१ वर्षांचा गृहस्थ असून २०११ पासून आपला नियमित, निमूट आणि रोखीने पैसे मोजणारा ग्राहक होतो. यातले ‘होतो’ हे क्रियापद मी जड अंतःकरणाने लिहीत आहे. गेल्या पाच महिन्यांत माझी औषधे अकरावरून तीनवर आली. याला जबाबदार असलेली व्यक्ती परळच्या एका सार्वजनिक रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात उघडपणे बसते आणि तिच्या मागे रोज शंभरेक माणसे रांगेत असतात. हा प्रकार वेळीच आपल्या कानावर घालणे हे जुना ग्राहक या नात्याने मी माझे कर्तव्य समजतो.

हिशेबाची सवय सुटत नाही, म्हणून मी औषधांची एक वही ठेवली आहे. लांबट, लाल पुठ्ठ्याची, पेढीत रोजकीर्दीला वापरत असू तशी. डावीकडे तारीख, मग औषधाचे नाव, ते कशासाठी, कोणी दिले आणि किती रुपयांना पडले. पहिली नोंद रक्तदाबाच्या अम्लोडिपिनची आहे आणि ती पूर्णपणे रास्त होती. दाब १७०च्या वर गेला होता आणि ती गोळी मिळाली नसती, तर हे पत्र आपल्याला माझ्या मुलाने लिहिले असते. सात महिन्यांनी घोटे सुजले, चपलेचा पट्टा रुतू लागला. ही सूज त्या गोळीमुळेही येऊ शकते हे मला फार उशिरा कळले. त्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांनी ती अंगात पाणी साठल्याची खूण ठरवून लघवीची गोळी दिली. लघवीच्या गोळीने युरिक ॲसिड वाढले आणि ऐन गणपतीत, खालचा रस्ता ढोलांनी दणाणत असताना, माझ्या उजव्या पायाचा अंगठा असा ठणकला की त्यावर नुसती चादर टेकली तरी डोळ्यांत पाणी येई. अंगठ्यासाठी डायक्लोफेनॅक आली, युरिक ॲसिडसाठी वेगळी आली. डायक्लोफेनॅकने पोटात जळजळ सुरू झाली, म्हणून सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल आली. त्याच वेदनाशामकाने रक्तदाबही वर ढकलला, तेव्हा मूळची पाच मिलिग्रॅमची गोळी दहाची झाली आणि घोटे पुन्हा सुजले.

एवढ्यावर थांबला असतात, तर मी आपल्याला सामान्य व्यापारी समजलो असतो. लघवीसाठी रात्रीतून तीनदा उठावे लागे, त्यामुळे झोप मोडे, म्हणून अल्प्राझोलम आली. ती घेतल्यावर सकाळी तोल जाई, म्हणून चक्करेसाठी सिनारिझिन आली. दीडएक वर्षाने उजवा हात थरथरू लागला, त्यासाठी कंपवाताची गोळी आली. कंपवाताच्या गोळीने तोंडाला कोरड पडली आणि पोट साफ होईना, तेव्हा रात्री दोन चमचे रेचकाची बाटली दाखल झाली. पँटोप्राझोल वर्षानुवर्षे चालू राहिल्याने बी-१२ जीवनसत्त्व खाली गेले असावे, म्हणून त्याचीही गोळी आली. मधल्या काळात कोलेस्टेरॉलचीही एक सुरू झाली होती, ती मात्र स्वतंत्रपणे, आपल्या पायांनी आलेली होती.

आमची सारी हयात चाळीत गेली, त्यामुळे पागडीची खोली कशी हातची जाते हे मला ठाऊक आहे. एक सज्जन भाडेकरू येतो, त्याच्या ओळखीने दुसरा येतो, दुसऱ्याचा मेहुणा तिसरा येतो, आणि मालकाला आपल्याच खोलीत पाय पसरायला जागा उरत नाही. एका गोळीने नऊ पोटभाडेकरू आणून बसवावेत, प्रत्येकाची पावती वेगळी असावी आणि ज्याचे पोट आहे त्याने मात्र वाढत्या वयाला दोष देत राहावे, ही योजना आपण आखली नसेलच; ती आपसूक झाली असेल. पण तिचे भाडे इमानेइतबारे आपल्याकडे जमा होत होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण लेखापालाने अफरातफरीचा आरोप जपून करावा. या चौदा वर्षांत माझी गाठ सहा डॉक्टरांशी पडली आणि त्यांतील एकानेही मला फसवले नाही. घोट्यांच्या डॉक्टरांनी घोटे पाहिले, अंगठ्याच्या डॉक्टरांनी अंगठा पाहिला, मेंदूच्या डॉक्टरांनी हात पुढे करायला सांगून हात पाहिला. वही मात्र कोणी पाहिली नाही. पाचव्या डॉक्टरांपुढे मी ती एकदा उघडली होती. त्यांनी कौतुकाने ‘वा, किती व्यवस्थित लिहिता’ म्हटले आणि तिच्यातच एका ओळीची भर घातली.

आपले प्रतिनिधी मी जवळून पाहिले आहेत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दवाखान्याच्या पायरीवर रात्री साडेनऊनंतर तीनचार एमआर उभे असतात, जूनच्या पावसातही गळ्यात टाय आणि काळी बॅग पोटाशी धरलेली. शेवटचा पेशंट बाहेर पडला की प्रत्येकाला आत दोनदोन मिनिटे मिळतात. बाहेर आल्यावर त्यांपैकी एखादा समोरच्या केमिस्टकडे जातो आणि काउंटरवर ओणवा होऊन हळूच विचारतो, ‘डॉक्टरांचं आपलं किती जातंय?’ डॉक्टर आपल्या कंपनीची औषधे किती लिहून देतात याच्या या चौकशीला आपल्याकडे आरसीपीए असे भारदस्त नाव आहे म्हणे. एकदा पायरीवरच्या एका पोराशी बोलणे झाले. साताऱ्याकडचा, बीएस्सी झालेला, महिनाअखेरचे विक्रीचे टार्गेट गाठायचे असल्याने कासावीस. ‘काका, क्लोजिंग आहे, दोन लाख कमी पडतायत,’ असे म्हणत त्याने बॅगेतून एक सॅम्पल काढले, ज्यावर ‘विक्रीसाठी नाही’ असे छापलेले होते, आणि ते पाण्याशिवाय गिळले. ती पँटोप्राझोलच होती. उपाशीपोटी घ्यायची असते, आणि त्याने सकाळपासून काही खाल्ले नव्हते, त्यामुळे वापर नियमानुसारच झाला.

माझ्या हिशेबी डोक्याला पडलेला प्रश्न असा की, गोळी सुरू व्हावी म्हणून पायरीवर उभे राहणारे इतके आहेत, पण एखादी गोळी बंद व्हावी म्हणून कोणी पायरीवर उभे असलेले मला दिसले नाही. बंद झालेल्या गोळीचे टार्गेट कोणाच्या डोक्यावर नसते, तिचे क्लोजिंग कोणाला गाठायचे नसते.

भेटवस्तूंविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण तो विषय माझ्या व्यवसायाचा आहे आणि त्यात मला जो आनंद मिळाला तो लपवणे कठीण आहे. भारतीय वैद्यक परिषदेने डिसेंबर २००९ मध्ये डॉक्टरांना कंपन्यांकडून भेटी आणि सहली घेण्यास मनाई केली. त्यावर आपल्यातील काहींनी पुढे असा युक्तिवाद केला की मनाई घेणाऱ्या डॉक्टरांना आहे, देणाऱ्या कंपन्यांना नाही. म्हणून या भेटींचा खर्च हा धंद्याचा खर्च धरून करातून वजा मिळावा. चोरबाजारात घेणारा पकडला जावा आणि देणाऱ्याने पावती दाखवून प्राप्तिकरात सूट मागावी, असा हा प्रकार. मी चाळीस वर्षे पेढीच्या वह्या लिहिल्या, पण ‘सोन्याची नाणी, फ्रीज आणि एलसीडी टीव्ही’ या खात्याला काय नाव द्यावे हे मला सुचले नसते. सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०२२ रोजी ही वजावट नाकारली आणि निकालपत्रात नेमक्या याच वस्तूंची उदाहरणे दिली. ऐच्छिक असलेल्या आपल्या विपणनसंहितेची सुधारित आवृत्ती मार्च २०२४ मध्ये आली आणि तीत ‘ब्रँडची आठवण’ म्हणून द्यायच्या वस्तूची किंमत १,००० रुपयांपर्यंत ठरवून दिली आहे. आठवण राहण्यासाठी एवढी रक्कम पुरेशी आहे का, याची मला आपल्याइतकीच काळजी वाटते.

दोनतीन औषधे एकाच गोळीत कोंबलेल्या मिश्र गोळ्यांचेही तसेच. चौपाटीवरचा भैया भेळेत काय घालतो ते निदान समोर दिसते. सरकारने मार्च २०१६ मध्ये अशा ३४४ मिश्रणांवर बंदी घातली, ती न्यायालयांत अडकली, मग सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा घातली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ मिश्रणे बंद केली. आपली कल्पकता बंदीपेक्षा वेगाने धावते, एवढेच यावरून दिसते.

एक दिलासा मात्र आपल्याला परदेशातून मिळत आला आहे, आणि तो म्हणजे आजाराची वेस. १९९७ मध्ये अमेरिकेतील मधुमेह संघटनेने उपाशीपोटीच्या साखरेची मधुमेहाची मर्यादा १४० वरून १२६ वर आणली. २००३ मध्ये मधुमेहाच्या आधीच्या इशाऱ्याची रेषा ११० वरून १०० वर आली. नोव्हेंबर २०१७ मध्ये तेथील हृदयरोगतज्ज्ञांनी रक्तदाबाची व्याख्या १३०/८० अशी केली, तेव्हा तेथील रक्तदाबग्रस्त प्रौढांचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर गेले. त्यामागे अभ्यास आहेत आणि वेळीच सावध झालेल्यांचे भलेही होत असेल, त्याविषयी मी बोलणारा कोण. पण माणूस निरोगी झोपावा आणि हालचाल न करता आजारी उठावा, हे पूर्वी फक्त भुताखेतांच्या गोष्टींत होत असे.

आता मूळ तक्रारीकडे येतो. परळचे ते रुग्णालय आचार्य दोंदे मार्गावर आहे. तिकडे जाताना हाफकिन संस्थेचे फाटक लागते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. नवी मिश्र गोळी बाजारात आणण्यापूर्वी आपल्याकडे विपणनप्रमुखांनी ती महिनाभर स्वतः घेण्याचा काही संकेत आहे काय, याची माहिती मिळाल्यास आभारी होईन.

बाह्यरुग्ण विभागातील त्या निवासी डॉक्टर मुलीने पहिल्या भेटीत मला एकही औषध दिले नाही, हेच मला खटकायला हवे होते. ‘घरात आहे नाही ते सगळं पिशवीत घालून आणा, चूर्णसुद्धा,’ एवढेच ती म्हणाली. पुढच्या मंगळवारी मी दादरच्या साडीच्या दुकानाची कापडी पिशवी भरून घेऊन गेलो आणि सोबत वही नेली. तिने रक्तदाबाचे यंत्र बाजूला सरकवले, रिकामा चहाचा ग्लास खिडकीत ठेवला आणि पाकिटे टेबलावर पत्त्यांच्या डावासारखी मांडली. मग वही घेतली आणि शेवटच्या पानापासून मागे मागे वाचत गेली. आजवर ही वही कोणी खालून वर वाचली नव्हती. मागे रांगेत कुरकूर सुरू झाली, एका बाईंनी ‘काय पोथी वाचताय का?’ असेही विचारले. मुलीने मान वर न करता सिनारिझिनच्या नोंदीवर बोट ठेवले.

‘काका, हात कधीपासून थरथरतोय?’

मी तारीख सांगितली. तिने वहीतली आधीची तारीख दाखवली.

‘तुम्हाला कंपवात आहे असं मला वाटत नाही. ही चक्करेची गोळी असावी. आणि चक्कर झोपेच्या गोळीची.’

मग तिचे बोट एकेक ओळ वर सरकत गेले, थेट घोट्यांपर्यंत. प्रत्येक गोळीपुढे तिने पेन्सिलीने बाण काढले. प्रत्येक बाण वरच्या ओळीकडे जाणारा. सगळ्यांत वर, अम्लोडिपिनपाशी, ती थांबली आणि म्हणाली, ‘ही बदलू. बाकीच्यांचं एकेक करून बघू. पण घरी मनाने एकही बंद करायची नाही, झोपेची तर मुळीच नाही. ती एकदम सोडली तर त्रास होतो.’ तिच्याजवळचे पेनसुद्धा कोणत्या कंपनीचे नव्हते. ते पाच रुपयांचे साधे पेन होते आणि त्याचे टोपण चावलेले होते.

झोपेची गोळी तिने दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी कमी केली. ते दोन महिने वाईट गेले हे मी कबूल करतो. पहाटे तीनला गॅलरीत उभा राहून मी आपली आठवणही काढली. डायक्लोफेनॅक तिने पहिल्याच दिवशी काढून घेतली, कारण माझ्या रक्तातले क्रिएटिनिन, ज्यावरून मूत्रपिंडांचे काम कळते ते, वाढलेले होते. ‘मूत्रपिंडं गिधाडासारखी करायची नाहीत,’ असे ती म्हणाली, आणि मला वाटले ही मुलगी रात्रपाळीने भ्रमिष्ट झाली असावी.

घरी येऊन मी चौकशी केली तेव्हा आपल्याविषयीचा माझा आदर दुणावला. गुराढोरांना दुखण्यावर दिलेली डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेली, त्यांची मूत्रपिंडे बंद पडली आणि १९९०च्या दशकापासून पंधराएक वर्षांत देशातील पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या या औषधावर बंदी आली, तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली एका मात्रेपुरती करावी लागली. मलबार हिलवर डुंगरवाडीत पारशी समाजाचे मृतदेह ज्या पक्ष्यांच्या भरवशावर ठेवले जात, ते पक्षीच उरले नाहीत आणि तेथे सूर्यकिरण एकवटणारी यंत्रे बसवावी लागली. गिधाड कधी डॉक्टरकडे गेले नाही, त्याने कधी केमिस्टचे तोंड पाहिले नाही, त्याच्या घरट्याशी एकही प्रतिनिधी गेला नाही, तरीही औषध त्याच्यापर्यंत पोहोचले. या वितरणापुढे प्रिन्सेस स्ट्रीटच्या घाऊक औषध व्यापाऱ्यांनी हात टेकावेत.

आमच्या इमारतीतील परिस्थितीही आपल्या दृष्टीने चिंतेची आहे. मी औषधे कमी केल्याचे कळल्यापासून दुसऱ्या मजल्यावरचे दोघे पिशव्या भरून परळला जाऊन आले. तिसऱ्या मजल्यावरचे आमचे शेजारी मात्र तेवढे थांबले नाहीत. त्यांचीही झोपेची गोळी माझीच होती. अल्प्राझोलम अनुसूची एच-१ मध्ये आहे, मार्च २०१४ पासून केमिस्टने ती विकताना रुग्णाचे व डॉक्टरचे नाव वेगळ्या नोंदवहीत लिहायचे आणि ती वही तीन वर्षे जपायची असते. पण आम्हा दोघांना ती वर्षानुवर्षे ‘नेहमीची द्या’ एवढ्या दोन शब्दांवर मिळत आली. एका पहाटे बाथरूमला जाताना त्यांचा तोल गेला, खुब्याचे हाड मोडले आणि सतराव्या दिवशी रुग्णालयातच ते गेले. तेराव्यानंतर वहिनींनी इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिले की, रक्तदाबाची चार पाकिटे, ॲसिडिटीची तीन आणि झोपेची दोन शिल्लक आहेत, एक्सपायरी पुढच्या मार्चची आहे, फुकट जाण्यापेक्षा कोणाला हवी असल्यास कळवावे. वीस मिनिटांत सगळी गेली. झोपेची दोन पाकिटे तिघांनी मागितली होती, तेव्हा वहिनींनी कात्रीने समान वाटणी केली.

आता माझी नम्र विनंती. माझ्यासारख्या ग्राहकाकडून आपले दरमहा २,३४० रुपयांवरून ३९५ रुपयांवर आलेले उत्पन्न भरून काढण्याचा माझ्या अल्पमतीला एकच मार्ग दिसतो, तो असा की आपण बंद करण्याचाही धंदा करावा. त्या साताऱ्याच्या पोराला महिन्यातून निदान एक दिवस अशी बॅग द्यावी, जिच्यात सॅम्पले नसतील, फक्त एक वही असेल, आणि त्याने डॉक्टरांच्या दोन मिनिटांत एवढेच विचारावे की यांतली कोणती काढता येईल. त्याला टार्गेट द्या, क्लोजिंगही ठेवा. हजार रुपयांच्या मर्यादेत डॉक्टरांना पेन्सिल आणि खोडरबर देता येईल. त्यावर ब्रँड छापायला माझी हरकत नाही.

दुसरी बाब हिशेबाची. केमिस्टकडची मुदत संपलेली औषधे आपण परत घेता, असे त्याने मला सांगितले. ग्राहकाकडची कोणी घेत नाही. महापालिकेच्या कचऱ्याच्या डब्यात टाकावीत तर ती डंपिंग ग्राउंडवर जातील, आणि आता तिथे घारी आहेत. म्हणून माझ्या घरातील शिल्लक माल मी मोजून, एका बरणीत भरून, या पत्रासोबत आपल्याकडे पाठवीत आहे. पोच द्यावी.

शेवटचे एक. गेली सहा वर्षे हात थरथरत असल्याने माझी पत्रे नातवंडे लिहून देत असत. हे पत्र मी स्वतःच्या हाताने लिहिले आहे. अक्षर तपासून पाहावे. वहीतल्या २०११ च्या पहिल्या नोंदीशी ते जुळते.

आपला,
एक माजी घाऊक ग्राहक,
लालबाग, मुंबई.

सोबत : बरणी एक. तीत सिनारिझिनच्या ४३, डायक्लोफेनॅकच्या १८, कंपवाताच्या ६१ आणि अल्प्राझोलमचे पाव केलेले तुकडे सात.